आंदणाच्या यादीत ओव्हन

वही शंभर पानी आहे. पुढून लग्न लिहिलंय, मागून दुकान. पुढच्या बाजूला बस्ता, मानाच्या साड्या, आचारी, मंडप, वाजंत्री. मागच्या बाजूला ओव्हन, डीप फ्रीझर, इन्व्हर्टर, काचेचा काउंटर, बटर पेपर. दोन्ही याद्या रोज एकमेकींकडे सरकतायत आणि आज दुपारी हिंगोलीतल्या या ओसरीवर त्या एकमेकींवर आदळल्यात.

लग्न वैशाखात आहे. बाबांची हळद नुकतीच इथल्या संत नामदेव हळद बाजारात विकली गेलीय, पैसा खात्यात आलाय आणि त्याला वाटा फुटायच्या आहेत. सतरंजीवर मामा पेन उघडून बसलेत. कूलर गरम वाराच फेकतोय. मला बोलावलंय ते बँकेचे कागद वाचता येतात म्हणून.

"आंदणाला काय लिहू?" मामा विचारतात.

"कपाट, दिवाण, ड्रेसिंग टेबल, मोठा फ्रीज," आई एका दमात सांगते.

"ते सगळं खोडा मामा," आतून आवाज येतो. पाठोपाठ नवरी मुलगी येते, हाताला मैदा. संध्याकाळची ऑर्डर आहे, अर्धा किलो पाइनॅपल, बिनअंड्याचा. सगळेच केक ती बिनअंड्याचे करते. गिऱ्हाईक तेच मागतं, आणि वसमतचं सासर माळकरी आहे, तिथं अंडं उंबऱ्याच्या आत यायचं नाही. अंड्याचं काम दही आणि सोडा करतात. आंबट सोड्याला भेटलं की वायू सुटतो, पीठ फुगतं. मात्र मिश्रण कालवून ठेवलं आणि ओव्हन तापायला उशीर झाला की वायू निघून जातो आणि केक बसतो. हे ती मला उभ्याउभ्या सांगते. क्रीमला ती दिवसा हात लावत नाही. इथला उन्हाळा चाळिशी ओलांडतो, फेटलेलं क्रीम ढिलं पडून काठावरून घसरतं. म्हणून सजावट रात्री नाहीतर भल्या पहाटे. यादीत काउंटरच्या आधी इन्व्हर्टर का आहे, ते आता मला कळतं.

बाबा खुशीत येतात. "मग असं करू, आंदणात ओव्हनच देतो. फ्रीझर पण."

"नको ना बाबा. वस्तू नको. तेवढे पैसे माझ्या खात्यावर टाका."

ओसरी गप्प होते. मुलीनं असं तोंडानं मागायचं नसतं, हे आईच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलंय. पोरगी माझ्याकडे बघते. आता कागद वाचायची पाळी माझी.

केंद्राची 2020 पासूनची छोट्या खाद्य उद्योगांसाठीची योजना आहे, पीएमएफएमई. प्रकल्पाच्या 35 टक्के अनुदान, जास्तीत जास्त 10 लाख. अट अशी की कर्ज बँकेचंच हवं आणि किमान 10 टक्के आपला हिस्सा. बाबांनी ओव्हन आणून दारात ठेवला तर तो कर्जाच्या हिशोबात येत नाही. बँकेला खरेदीच्या आधीचं कोटेशन लागतं. उलट 5 लाखांच्या प्रकल्पात मुलीनं स्वतःचे 50 हजार भरले तर अनुदान पावणेदोन लाख होतं. तेही लगेच हातात पडत नाही. बँकेत बाजूला राहतं आणि 3 वर्षं हप्ते सुरळीत गेले की कर्जात वळतं.

"या जिल्ह्याचं उत्पादन म्हणून योजनेत हळद आहे म्हणे," मामा म्हणतात. "हळदीचा केक कर मग."

कुणी हसत नाही. मामा दुसरा खडा टाकून बघतात, केकवर जीएसटी 18 टक्के म्हणून. "5 झाला मामा, 22 सप्टेंबर 2025 पासून," पोरगी म्हणते.

आईचा मुद्दा वेगळाच आहे आणि माझ्या मते सगळ्यात खरा. "लोकं रुखवत बघायला येतील. काय बघतील? पासबुक मांडू का मधी?"

"मांड की."

मला ही कल्पना आवडते. दिवाण आणि कपाट सहा महिन्यांत 'घरचं' होऊन जातं. ते कोणाचं होतं हे पुढे कुणी विचारत नाही. खरं तर हुंडाबंदीच्या कायद्याखाली 1985 चे नियम आहेत. वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूनंच ठेवायची, प्रत्येक वस्तूची अंदाजे किंमत लिहायची, दोघांनी सह्या करायच्या. इतकी लग्नं जेवलो, अशी यादी मी एकाही मांडवात पाहिली नाही. मामांच्या वहीला मात्र किमतीचा रकाना आहे. मी तो सह्यांसाठी आणखी एका ओळीनं वाढवायला सांगतो. मामा संशयानं बघतात, पण रेघ ओढतात.

आता अर्जातलं नाव. आधार, पॅन, खातं माहेरच्या आडनावाचं. दुकानाचा गाळा वसमतचा. खाद्य परवान्याची नोंदणी जागेशी बांधलेली असते, इथली तिथं चालत नाही, म्हणून ती तिकडेच करावी लागणार. आडनावाचं काय, ते पोरगी फोन लावून विचारते. स्पीकरवर नवरदेव, पाठीमागे कुणीतरी मोबाइल दुरुस्तीचा भाव करतंय.

"आहे तेच राहू द्या ना. बँकेत सगळं त्याच नावावर आहे," तो म्हणतो. मग जरा थांबून, "गाळ्याचा करारपण तुमच्याच नावानं करू का?"

आई बाबांकडे बघते. बाबा मामांकडे. मामा ड्रेसिंग टेबलावर काट मारतात, दिवाणावर मारतात, कपाटापाशी पेन अडतं.

"कपाट राहू दे," आई ठामपणे म्हणते.

"राहू दे. साचे ठेवायला होईल."

"साड्या ठेव म्हणते मी!" मग तिला काहीतरी आठवतं. "आणि ऐक, हळद लागल्यावर ऑर्डर घ्यायची नाही. अंगाला हळद लावून कुणी क्रीम फेटत नसतं."

"त्या आठवड्यात एकच घेतलीय. रिसेप्शनची. ह्यांच्या मित्रांनी सांगितलाय, दोन मजल्यांचा."

"तुझ्याच लग्नाचा? पैसे घेणारेस?"

"अ‍ॅडव्हान्स आलाय पण," ती म्हणते आणि ओव्हन बघायला आत पळते.