संघटना स्थापन होण्याआधीच बंदी!

धाराशिव जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मराठी मुलखातही सरकारी कारभार उर्दूत चाले. ‘गश्ती निशाण 53’ या सरकारी परिपत्रकामुळे परवानगीशिवाय सभा घेता येत नसे. 1938 मध्ये तर हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती रीतसर स्थापन होण्याआधीच बंदी आली.

या बंदीच्या आधी याच जिल्ह्यात, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत, पुढे स्टेट काँग्रेसचे नेते झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ यांनी मुलं घडवली होती.

22 ऑगस्ट 1948 रोजी संस्थानाच्या भारतातील विलीनीकरणाची बाजू मांडणारे ‘इमरोज’ या वृत्तपत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांची हत्या झाली. महिन्याच्या आत भारतीय लष्कराच्या ‘पोलीस कारवाई’पुढे निजाम शरण आला.

पण दडपणूक तिथे संपली नाही. पोलीस कारवाईनंतरच्या हिंसाचारावरचा सुंदरलाल समितीचा अहवाल स्वतंत्र भारताच्या सरकारनेही कित्येक दशकं प्रसिद्ध केला नाही. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत त्यात उस्मानाबादचं, म्हणजे आजच्या धाराशिवचं, नाव आहे. मराठवाड्याचा इतिहास वाचताना हा अहवालही जरूर वाचा.