जोडीदारासाठी अर्ज : अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यातील एका तरतुदीचा मागोवा

अमेरिकेचा नागरिक, किंवा ज्याला सर्वत्र ग्रीनकार्ड म्हटले जाते तो कायम वास्तव्याचा परवाना धारण करणारा रहिवासी, आपल्या परदेशी पतीला वा पत्नीला त्या देशात नेऊ इच्छितो तेव्हा त्याला प्रथम ‘आय-१३०’ या क्रमांकाचा अर्ज दाखल करावा लागतो. हा अर्ज जोडीदाराने करायचा नसतो, तर अमेरिकेत हक्काने राहणाऱ्या व्यक्तीने करायचा असतो. कायद्याच्या भाषेत तीच अर्जदार ठरते आणि परदेशातील जोडीदार केवळ लाभार्थी. नात्यातील दोघांपैकी एकालाच मागण्याचा अधिकार देणारी ही रचना वरकरणी कार्यालयीन सोय वाटते, परंतु शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर हा अधिकार कोणाला आहे, आणि तो खरोखर अधिकार आहे की सरकारची मर्जी, याच प्रश्नाभोवती जवळजवळ प्रत्येक दुरुस्ती फिरलेली दिसते.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी या प्रश्नाचे उत्तर पुरुषाच्या बाजूने ठाम होते. १९०७ च्या कायद्यानुसार परदेशी पुरुषाशी विवाह करणारी अमेरिकन स्त्री स्वतःचेच नागरिकत्व गमावत असे, त्यामुळे तिने पतीसाठी अर्ज करण्याचा प्रश्नच उद्‌भवत नव्हता. सर्वोच्च न्यायालयानेही १९१५ मध्ये ही तरतूद वैध ठरवली. १९२२ च्या केबल कायद्याने ती बऱ्याच अंशी मागे घेतली, परंतु नागरिकत्वास अपात्र ठरवलेल्या वंशाच्या पुरुषाशी लग्न करणाऱ्या स्त्रीला या सवलतीचा लाभ नाकारला. पुढच्याच वर्षी भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना कायद्याच्या अर्थाने ‘गोरे’, म्हणजेच नागरिकत्वास पात्र, मानण्यास नकार दिला, आणि त्यामुळे भारतीय पुरुषांच्या अमेरिकन पत्नीही या अपवादाच्या कक्षेत आल्या. क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या पत्नी मेरी यांना याच कारणाने आपल्या जन्मभूमीचे नागरिकत्व गमवावे लागले. थिंड यांची बाजू मांडणारे वकील, अहमदाबादेत जन्मलेले सखाराम गणेश पंडित यांचेही नागरिकत्व काढून घेण्याची कारवाई सरकारने सुरू केली. पंडितांनी तिच्याविरुद्ध लढताना, आपल्यामागून आपल्या अमेरिकन पत्नीचेही नागरिकत्व जाईल हा मुद्दा मांडला आणि १९२६ मध्ये ते जिंकले. १९३१ च्या दुरुस्तीने हा अपवाद रद्द होईपर्यंत विवाह हे अमेरिकन स्त्रीच्या बाबतीत नागरिकत्वाचे साधन नव्हे, तर ते हिरावण्याचे निमित्त होते.

दरम्यान १९२४ च्या कायद्याने देशवार कोटा, म्हणजे दरवर्षी प्रत्येक देशातून किती जणांना प्रवेश द्यायचा याची मर्यादा, कठोर केली आणि नागरिकाच्या पत्नीला त्या मर्यादेबाहेर ठेवले. आजच्या अर्जपद्धतीचे मूळ याच कायद्यात आहे. मात्र नागरिक स्त्रीच्या पतीला कोट्याच्या आतला केवळ प्राधान्यक्रम मिळाला, आणि नागरिकत्वास अपात्र मानलेल्या आशियाई पत्नींना तर प्रवेशच बंद झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिकांच्या परदेशी पत्नींसाठी डिसेंबर १९४५ मध्ये विशेष कायदा झाला, परंतु वंशाच्या कारणाने बंदी असलेल्या आशियाई पत्नींना त्याचा लाभ १९४७ च्या दुरुस्तीनंतरच मिळू शकला. देशासाठी लढलेल्या सैनिकाचा विवाहसुद्धा वंशाच्या कसोटीवर घासला जावा, हे त्या काळाचे अत्यंत क्लेशकारक वास्तव आहे. १९५२ च्या कायद्याने पती आणि पत्नी यांतील भेद मिटवला, आणि १९६५ च्या कायद्याने राष्ट्रीयत्वावर आधारलेली जुनी कोटापद्धत मोडीत काढताना नागरिकाच्या जोडीदाराला ‘निकटचे नातेवाईक’ या संख्यामर्यादा नसलेल्या गटात कायम ठेवले.

ग्रीनकार्डधारकाच्या जोडीदाराला मात्र असा मुक्त प्रवेश मिळाला नाही. त्याचा समावेश मर्यादित संख्येच्या प्राधान्य-गटात होत असल्याने नोकरीनिमित्त गेलेल्या आणि ग्रीनकार्ड मिळाल्यानंतर मायदेशी येऊन लग्न करणाऱ्या तरुणांना, ज्यांत महाराष्ट्रातून गेलेले अभियंतेही होते, विवाहानंतर वर्षानुवर्षे वेगळे राहावे लागले. २००० साली ‘व्ही’ नावाचा तात्पुरता व्हिसा निर्माण करून संसदेने या विरहावर उपाय केला खरा, परंतु तो त्या वर्षीच्या २१ डिसेंबरपर्यंत दाखल झालेल्या अर्जांपुरताच होता.

खोट्या विवाहांच्या शंकेने १९८६ साली या कायद्याला निराळे वळण दिले. स्थलांतर खात्याने संसदेपुढे अशा विवाहांचे प्रमाण सुमारे ३० टक्के असल्याचे सांगितले होते. ज्या पाहणीवर हा आकडा उभा होता ती सांख्यिकीदृष्ट्या ग्राह्य नसल्याचे पुढे न्यायालयीन प्रकरणात उघड झाले, पण तोवर कायदा होऊन गेला होता. विवाहाला दोन वर्षे पूर्ण होण्याआधी प्रवेश मिळालेल्या जोडीदाराला दोन वर्षांचे सशर्त वास्तव्य देण्यात येऊ लागले आणि ती मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत पती-पत्नीने संयुक्त अर्ज करून शर्त उठवून घ्यावी, असा नियम झाला. संयुक्त अर्जावर सही करायची की नाही हे ठरवण्याची सत्ता व्यवहारात नागरिक जोडीदाराच्या हाती आली, आणि मारहाण सोसणाऱ्या स्त्रीपुढे घर सोडणे म्हणजे देश सोडणे असा पेच उभा राहिला. १९९० मध्ये छळ सिद्ध झाल्यास संयुक्त सहीतून सूट मिळाली. १९९४ च्या स्त्रियांवरील हिंसाचारविरोधी कायद्याने तर पीडित जोडीदाराला स्वतःच्या नावे अर्ज करण्याचा अधिकार दिला. लाभार्थी व्यक्तीच अर्जदार होऊ शकते, हे मान्य करणारी ही तरतूद या संपूर्ण इतिहासातील सर्वांत मोलाची म्हणावी लागेल.

१९९६ च्या कायद्याने स्पॉन्सरवर, म्हणजे अर्जदारावर, आर्थिक बंधन घातले. कुटुंबाचे उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असल्याचे दाखवून जोडीदाराच्या पालनपोषणाची हमी देणारे प्रतिज्ञापत्र त्याला करावे लागते, आणि ही हमी घटस्फोटानेही संपत नाही; साधारणपणे जोडीदार नागरिक होईपर्यंत, किंवा दहा वर्षांच्या कामाइतके श्रम त्याच्या नावे जमा होईपर्यंत, ती लागू राहते. मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीला जाणाऱ्या मराठी उमेदवारांची अडचण बहुधा याहून साधी असते. लग्नानंतर सासरच्या आडनावाबरोबर पहिले नावही बदलण्याची प्रथा जेथे पाळली गेली, तेथे जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र आणि पारपत्र यांवरची स्त्री एकच आहे हे कागदोपत्री सिद्ध करावे लागते. जुन्या पिढीतील ज्यांच्या जन्माची नोंदच झाली नव्हती, त्यांना नोंद उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र आणि नातलगांची शपथपत्रे जोडावी लागतात.

विवाह कशाला म्हणावे हा प्रश्न समलिंगी जोडप्यांच्या बाबतीत चार दशके रेंगाळला. १९७५ मध्ये कोलोरॅडोतील बोल्डर येथे विवाह परवाना मिळवलेले रिचर्ड अॅडम्स यांनी आपले ऑस्ट्रेलियन जोडीदार अँथनी सुलिव्हन यांच्यासाठी अर्ज केला, तो खात्याने अपमानकारक शब्दांत फेटाळला आणि १९८२ मध्ये अपील न्यायालयानेही तोच निर्णय उचलून धरला. अॅडम्स २०१२ मध्ये वारले. पुढच्या वर्षी विंडसर खटल्याच्या निकालाने अशा विवाहांना केंद्रीय कायद्याची मान्यता मिळाली, आणि १९७५ चा तोच जुना अर्ज पुन्हा विचारात घेतला जाऊन सुलिव्हन यांना २०१६ मध्ये, विधुर म्हणून, ग्रीनकार्ड देण्यात आले. अर्जदार आपल्या अर्जाचे यश पाहायला उरला नव्हता.

अर्ज मंजूर झाला तरी परदेशातील वकिलात व्हिसा नाकारू शकते, आणि त्या नकाराची न्यायालयाने छाननी करावी का हा वाद जुना आहे. जर्मनीत जन्मलेल्या एलन नॉफ या युद्धवधूला १९४८ मध्ये एलिस बेटावर अडवण्यात आले. कारण उघड न करता आणि सुनावणी न घेता तिला प्रवेश नाकारण्याचा सरकारचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये मान्य केला. लॉस एंजेलिसच्या वकील सँड्रा मुन्योझ यांच्या साल्वाडोरी पतीला, त्याच्या अंगावरील गोंदण एका टोळीशी जोडले जाऊन, व्हिसा नाकारला गेला, तेव्हा त्या स्वतः नागरिक म्हणून न्यायालयात गेल्या. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला की, परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा असा मूलभूत हक्क नागरिकालाही नाही. या निकालात नॉफ खटल्याचाही आधार घेण्यात आला. नॉफ यांना मात्र नंतर सुनावणी मिळाली होती आणि १९५१ मध्ये त्या अमेरिकेत दाखल झाल्या होत्या.