हेजहॉग आणि बॅजर : एकाच यादीतील दोन वन्यजीव

इतिहासाच्या अध्ययनात माणसांप्रमाणेच प्राण्यांवर बसलेले शिक्केही आम्हांस आढळतात. इंग्लंडमधील हेजहॉग व बॅजर ही त्याची ठळक उदाहरणे होत. १५६६ साली तेथील संसदेने ‘उपद्रवी’ प्राण्यांची यादी करून त्यांच्या शिरांवर इनाम लावले : बॅजरला १२ पेन्स, हेजहॉगला २ पेन्स. हेजहॉग रात्री गाईंचे दूध पितो, अशी तेव्हाची लोकसमजूत होती.

वस्तुस्थिती काय आहे? हेजहॉग हा सुमारे एक किलो वजनाचा, हजारो काट्यांचा प्राणी. संकट येताच तो अंगाची गोळी करतो. काट्यांमुळे आपणांस साळिंदर आठवते. परंतु साळिंदर उंदराप्रमाणे कुरतडणाऱ्या प्राण्यांत मोडते, तर हेजहॉग चिचुंद्रीचा दूरचा आप्त आहे. बॅजर पाणमांजराच्या कुळातला. त्याचे वजन दहा किलोंहून अधिक भरते. पांढऱ्या तोंडावर काळे पट्टे आणि पायांना बळकट नखे असतात. हेजहॉग एकटा राहतो व हिवाळा दीर्घ निद्रेत काढतो. बॅजर कळपाने, पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या बिळांत राहतो. हिवाळ्यात तो मंदावतो, पण तशी निद्रा घेत नाही.

दोघेही निशाचर आणि दोघांचेही आवडते खाद्य गांडूळ. म्हणून स्पर्धा आलीच. शिवाय हेजहॉगची काटेरी गोळी नखांनी उलगडून त्याला खाण्याची ताकद बॅजरमध्ये आहे. हेजहॉग दुर्मीळ होताच दोष बॅजरच्या माथी आला तो यामुळेच. हा दोष सर्वस्वी खोटा नाही. पण तो अपुरा आहे. इंग्लंड व वेल्सच्या ग्रामीण भागातील, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चौथ्या हिश्शाहून अधिक ठिकाणी हे दोन्ही प्राणी आढळले नाहीत. जेथे बॅजरच नाही, तेथे हेजहॉग कोणी नाहीसा केला? शेतांभोवतीची झुडपी कुंपणे उखडली गेली, कीटकनाशकांनी किडे संपले, रस्त्यांवर वाहने वाढली. ही सर्व माणसाची करणी होय.

१९९२ च्या कायद्याने बॅजरला संरक्षण मिळाले. तरीही गुरांतील क्षयरोगाचा प्रसार रोखण्यासाठी २०१३ पासून परवान्याने हजारो बॅजर मारले गेले. हा रोग गुरांकडून गुरांनाही होतो, म्हणून या उपायावर शास्त्रज्ञांत वाद आहे.

शिक्का मारणे सोपे, कारण शोधणे कष्टाचे. आमच्या विद्यार्थ्यांनी हे कष्ट टाळू नयेत, एवढीच अपेक्षा.