धर्मादाय, ज्यू समाजातील
ज्यूंच्या स्थानिक समाजाने आपल्यातील गरजूंसाठी निधी गोळा करण्याची व तो वाटण्याची परंपरागत व्यवस्था. अशा दानाला हिब्रू भाषेत ‘त्सदाका’ म्हणतात. हा शब्द न्याय वा नीतिमत्ता या अर्थाच्या धातूपासून आला आहे. त्यामुळे दान ही दात्याची कृपा नसून त्याचे कर्तव्य होय, अशी धारणा तीमागे आहे.

बायबलच्या ‘जुन्या करारा’त शेताच्या कडेचे पीक, कापणीत गळालेली कणसे व शेतात विसरलेली पेंढी गरिबांसाठी सोडावी, अशी आज्ञा आहे. सात वर्षांच्या चक्रातील तिसऱ्या व सहाव्या वर्षी उत्पन्नाचा दशमांश गरिबांना द्यावयाचा असे. ज्यू समाज नगरवासी होत गेला, तसतसे धान्याऐवजी रोख निधीला महत्त्व आले.

इ. स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या संहितेत दोन निधींचा उल्लेख आढळतो. ‘कुप्पा’ म्हणजे दर आठवड्याला रोख रक्कम जमवून गावातील गरिबांना वाटण्याचा निधी; ‘तामखुई’ म्हणजे रोज जमविलेले अन्न कोणाही भुकेल्यास, परगावच्या वाटसरूसही, देण्याची सोय. दोन जेवणांपुरते अन्न असणाऱ्याने तामखुईतून व चौदा जेवणांपुरते असणाऱ्याने कुप्पातून काही घेऊ नये, असा दंडक होता. कुप्पाची वसुली किमान दोघांनी करावी, कारण ती सक्तीनेही करता येई. वाटप मात्र तिघांनी करावे, कारण कोणाला किती द्यावयाचे हे ठरविणे धनविषयक न्यायनिवाड्यासारखेच मानले जाई.

निधी सांभाळणाऱ्यास ‘गबाई’ म्हणतात. त्याच्याकडे हिशेब मागू नये, असे तालमूद सांगते; परंतु संशयाला जागा राहू नये म्हणून त्याच्यावर अनेक बंधनेही घालते. निधीतील नाणी त्याने स्वतः बदलून घेऊ नयेत, इतरांकडून घ्यावीत. बाजारात सापडलेले नाणे स्वतःच्या खिशात न टाकता निधीत टाकावे. गबाईने आपण होऊन हिशेब देणे चांगले, असे सोळाव्या शतकात पोलंडमधील मोझेस इसर्लिस यांनी नमूद केले. गरजूंच्या बाबतीतही असाच विवेक आढळतो : वस्त्र मागणाऱ्याची चौकशी करावी, अन्न मागणाऱ्याची करू नये. बाराव्या शतकातील मायमॉनिडीझ यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला स्वावलंबी करणे ही त्यांतील सर्वोच्च होय.

कैरोच्या गेनिझातील कागदपत्रांवरून अकराव्या ते तेराव्या शतकांतील फुस्तातच्या ज्यूंची व्यवस्था तपशीलवार कळते. तेथे आठवड्यातून दोनदा भाकरी वाटली जाई. देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या याद्या ठेवल्या जात. दान मिळालेल्या घरांचे भाडे निधीत जमा होई. बंदिवानांना खंडणी देऊन सोडविणे हे अग्रक्रमाचे कार्य होते. आधुनिक काळात लंडनमध्ये १८५९ साली गरीब ज्यूंच्या साहाय्यासाठी पालक मंडळ स्थापन झाले. बॉस्टन येथे १८९५ मध्ये निरनिराळ्या ज्यू संस्थांनी एकत्रित निधिसंकलनासाठी संघ स्थापिला. पुढे ही पद्धत अमेरिकेत सर्वत्र पसरली.

महाराष्ट्रातील बेने-इझ्राएल समाजाचे धर्मादाय कार्य मुख्यतः सभास्थानाभोवती गुंफलेले आहे. सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत समाजाचे पहिले सभास्थान बांधले. मुकादम, चौगुला व गबाई हे सभास्थानाचे परंपरागत पदाधिकारी होत. नवसाच्या देणग्या आणि उपासनेतील मानांचा लिलाव ही उत्पन्नाची साधने होती. शब्बाथला पैसे हाताळणे निषिद्ध असल्याने त्या दिवशी फक्त वचन दिले जाई व रक्कम नंतर भरली जाई. हाइम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये मुंबईत समाजासाठी शाळा निघाली. बगदादी ज्यूंपैकी डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले पुण्याचे ससून रुग्णालय सर्व धर्मीयांना खुले होते. १९४८ नंतर बहुसंख्य बेने-इझ्राएल इझ्राएलमध्ये स्थलांतरित झाले. त्यामुळे सभास्थानांची देखभाल व वृद्धांचा सांभाळ यांचा भार येथे उरलेल्या थोड्या कुटुंबांवर येऊन पडला.