धोकादायक वृक्ष आणि श्रावकाची यतना

वनस्पतिकायातील जीव एकेंद्रिय असला तरी तो जीवच, हा संस्कार जैन घरांत बालपणापासून होतो. त्यामुळे अंगणातील झाड तोडण्याचा विषय निघाला की घरातील ज्येष्ठांचे मन कचरते. ही करुणा आपले भूषणच होय. परंतु तेच झाड आतून पोखरलेले असेल आणि त्याखाली मुले खेळत असतील, तर 'आम्ही झाडाला हात लावत नाही' एवढ्यावर आपले कर्तव्य संपते काय? आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेचा संबंध प्रमादाशी, म्हणजे बेसावधपणाशी जोडला आहे. दिसत असलेल्या धोक्याकडे डोळेझाक करणे हाही प्रमादच आहे.

या प्रमादाची किंमत किती मोठी असू शकते, याची उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. 9 एप्रिल 2023 रोजी अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळी पावसात मंदिराजवळचा जुना कडुनिंब पत्र्याच्या शेडवर कोसळला. शेडखाली जमलेल्या भाविकांपैकी सात जण मृत्युमुखी पडले. जुलै 2017 मध्ये मुंबईच्या चेंबूर भागात सकाळी फिरायला निघालेल्या एका महिलेचा नारळाचे झाड अंगावर पडून मृत्यू झाला. ते झाड काढावे अशी मागणी आधीच झाली होती, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते.

आपल्या परिसरातील स्थिती

आपल्या पिंपरी-चिंचवड परिसरातही हा प्रश्न आता निकडीचा झाला आहे. नवनगर विकास प्राधिकरणाची स्थापना 1972 मध्ये झाली. त्यानंतर निगडी-आकुर्डी भागात बंगले उभे राहिले आणि हौसेने झाडे लागली. त्यांतील जुनी झाडे आज पन्नाशीला टेकली आहेत. दरम्यान अंगणात फरशी आली, रस्त्याकडेला पेव्हर ब्लॉक बसले, केबल आणि जलवाहिन्यांच्या चरांत मुळे तुटली. मूळचा मादागास्करचा गुलमोहर तर उथळ मुळांचा आणि ठिसूळ लाकडाचा. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ मावळ-खेड भागातून गेले तेव्हा मोठाली झाडे कशी उन्मळून पडतात, हे आपण पाहिलेच आहे. भोसरी-चाकण पट्ट्यातील गोदामांच्या पत्र्यांलगतच्या झाडांखाली हमाल आणि चालक दुपारी विसावतात. त्यांच्या जिवाची जबाबदारीही मालकावरच येते.

धोका कसा ओळखावा?

झाड नव्याने एका बाजूला झुकणे, बुंध्याजवळची माती उचलली जाणे किंवा तिला भेगा पडणे, बुंध्यावर अळंबी उगवणे, दोन मोठ्या फांद्यांच्या बेचक्यात चीर दिसणे, शेंड्याकडील फांद्या वाळणे ही महत्त्वाची लक्षणे आहेत. मात्र ढोली दिसली म्हणजे झाड तोडायलाच हवे असे नाही. भोवतालचे लाकूड जाड व निरोगी असेल तर असे झाड वर्षानुवर्षे उभे राहते. हा निर्णय जाणकारानेच घ्यावा.

जांभळाच्या झाडाचा दृष्टांत

षट्‌लेश्यांचा दृष्टांत आपणा सर्वांना ठाऊक आहे. सहा भुकेले प्रवासी जांभळाच्या झाडापाशी येतात. कृष्णलेश्येचा मनुष्य झाड मुळापासून तोडू पाहतो, दुसरा मोठ्या फांद्या, तिसरा डहाळ्या, चौथा घोस, पाचवा केवळ पिकलेली फळे. शुक्ललेश्येचा मनुष्य मात्र खाली पडलेली फळे वेचतो. धोकादायक झाडाबाबतही हाच क्रम उलट बाजूने लावावा. झाडाखालची मोटार, झोपाळा किंवा शेड हलवून भागते काय, हे प्रथम पाहावे. मग बुंध्याभोवतीची फरशी काढावी. पुढे वाळलेल्या फांद्या उतरवाव्यात, आवश्यक तर विस्तार हलका करावा किंवा आधार द्यावा. हे सर्व उपाय अपुरे ठरतील तेव्हाच झाड काढावे. गृहस्थाला आरंभी हिंसा सर्वस्वी टाळता येत नाही. ती कमीत कमी व्हावी, हीच यतना.

कायदा आणि कारागीर

झाड आपल्या जागेत असले तरी ते परस्पर तोडता येत नाही. 'महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975' नुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. छाटणीपूर्वीही महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा. चाकणमध्ये नगरपरिषदेकडे आणि औद्योगिक भूखंडावर एमआयडीसी कार्यालयात चौकशी करावी. 2021 च्या सुधारणेने पन्नास वर्षे व त्याहून जुन्या झाडांना 'वारसा वृक्ष' मानले असून, तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची तरतूद केली आहे. झाड पडण्याच्या बेतात असेल तर त्याखालची जागा तत्काळ रिकामी करून अग्निशमन दलाला 101 क्रमांकावर कळवावे.

काम अनुभवी माणसांकडेच द्यावे. जाणकार कारागीर झाड एकदम आडवे करीत नाही. शेंड्याकडून तुकडे कापून दोराने खाली उतरवतो. शिरस्त्राण, कमरेचा पट्टा आणि कामगारांचा विमा आहे ना, हे मालकाने स्वतः पाहावे. जवळून वीजतार जात असेल तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घ्यावा. 'मजुरी नको, लाकूड आम्ही नेतो' असा सौदा व्यापारी मनाला फायद्याचा वाटतो. परंतु त्यात अधिक तोडण्यातच ठेकेदाराचे हित असते. श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत वनकर्म आहे, हे स्मरून मजुरी रोख द्यावी आणि किती कापायचे ते लेखी ठरवावे. आदल्या दिवशी घरटी व पोळी तपासावीत. घरट्यात अंडी किंवा पिल्ले असतील आणि धोका तातडीचा नसेल, तर काम पुढे ढकलावे. पालापाचोळा जाळू नये. त्याचे खत करावे.

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपला की घर, गोदाम, स्थानक आणि मंदिर येथील झाडांची दरवर्षी पाहणी करावी. पावसाळ्याच्या तोंडावर घाईने कुऱ्हाड चालवण्याची वेळ मग सहसा येत नाही. वेळीच निगा राखली तर बहुतेक झाडेही वाचतात आणि त्यांच्या सावलीतील माणसेही.