मनी रुसली की आजारी?

मुलांनो, ताई सासरी गेली, घर बदलले किंवा जोडीची मांजर दगावली, की मनी पलंगाखाली जाऊन बसते. अंग चाटत नाही, खेळत नाही, भलतीकडेच लघवी करते. आपण म्हणतो, रुसली! पण काही दुखत असले तरी मांजर अशीच वागते, म्हणून आधी पशुवैद्यांना दाखवा. दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर चरबी यकृतात साठून जिवावर बेतते. लठ्ठ मांजरीला हा धोका अधिक. आपली पॅरासिटामॉलची गोळी तर तिला विषच! आजार नसेल तर तिला ओढून बाहेर काढू नका. लपायला खोका, ठरल्या वेळी जेवण आणि संध्याकाळी दोरीचा खेळ द्या. खेळ संपला की दोरी मात्र उचलून ठेवा, मांजरी ती गिळतात.