बैठक अर्ध्यावर सोडू नका

स्वारगेटहून शुक्रवार पेठेत शिरलं की जुन्या तालमींचा मुलूख लागतो. गुलटेकडीकडे वळलं तर महाराष्ट्रीय मंडळाचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय. कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी हे मंडळ १९२४ साली स्थापन केलं. आणि आता आसपासच्या रस्त्यांवर, दुकानांच्या वरच्या मजल्यांवर, जिम. घाम सगळीकडे सारखाच गळतो. पण स्नायू वाढवायचा असेल, तर तो ताणलेला असताना त्याच्यावर भार टाकावा की आखडलेला असताना? गेल्या काही वर्षांत संशोधकांनी हा प्रश्न नेटाने धरला आहे.

जिममधलं नेहमीचं चित्र पाहा. बारवर प्लेटा चढत जातात, तसतशी बैठक उथळ होत जाते. गुडघे जेमतेम वाकतात, सेट संपतो, वहीत आकडा मात्र मोठा पडतो. तालमीतला पैलवान बैठक मारताना मांड्या पोटऱ्यांना टेकेपर्यंत खाली जातो. जोर काढताना त्याची छाती दोन हातांच्या मधून मातीलगत सरकते. म्हणजे मेहनतीचा मोठा वाटा स्नायू पुरता ताणलेला असतानाच होतो.

स्नायूच्या धाग्यात ॲक्टिन आणि मायोसिन हे प्रथिनतंतू दोन हातांची बोटं गुंतवावीत तसे एकमेकांत असतात. स्नायू आखडला की ते आत सरकतात, ताणला की बाहेर. ताण वाढला की टायटिन नावाचं लवचिक प्रथिनही ओढलं जातं. स्नायूची स्वतःची ताकद आणि हा ओढा, असे दोन्ही भार एकत्र आले की वाढीचा इशारा जोरकस मिळत असावा, असं मानलं जातं. स्नायू लांबीशी जुळवून घेतो, हे तर जुनंच निरीक्षण आहे. १९७२ साली फ्रेंच संशोधकांनी मांजराच्या पायाचा स्नायू ताणलेल्या स्थितीत प्लास्टरमध्ये ठेवला, तेव्हा त्याच्या धाग्यांतले आकुंचनाचे घटक सुमारे २० टक्क्यांनी वाढले.

माणसांवरचे आकडेही बोलके आहेत. जपानमधल्या सुमियाकी माएओ यांच्या प्रयोगात प्रत्येकाने ट्रायसेपचा, म्हणजे दंडामागच्या स्नायूचा, व्यायाम एका हाताने डोक्यामागून, जिथे तो ताणला जातो, तर दुसऱ्याने हात खाली ठेवून केला. १२ आठवड्यांनी डोक्यामागच्या हाताचा ट्रायसेप सुमारे २० टक्के वाढला, दुसरा १४ टक्के. तेही डोक्यामागे वजन कमी असताना. मांडीच्या मागच्या स्नायूंचंही तेच. बसून केलेल्या लेग कर्लने ते १४ टक्के वाढले, पालथं झोपून केलेल्याने ९ टक्के. बसल्यावर कंबरेशी वाक येतो आणि हे स्नायू आधीच ताणले जातात.

याचा अर्थ फक्त खालच्या टोकालाच अर्धे रेप, म्हणजे अर्धी आवर्तनं, मारावेत, असा नाही. २०२५ साली कसलेल्या व्यायामपटूंवर झालेल्या अभ्यासात, ताणलेल्या टप्प्यातले अर्धे रेप आणि पूर्ण रेप यांनी हात जवळपास सारखेच वाढले. खोल आणि अर्ध्या स्क्वॉटची तुलना झाली, तेव्हा खोल स्क्वॉटने नितंब आणि मांडीच्या आतले स्नायू जास्त वाढले. पुढची मांडी मात्र दोन्हीकडे सारखीच. तालमीचंही उगाच कौतुक नको. शेकडो बैठका दम आणि चिकाटी देतात; आकार वाढवायचा तर सेट संपताना थकवा यावा इतका भार लागतोच. तोटा होतो तो ताणलेला टप्पा गाळून वरच्या वर मारलेल्या रेपमध्ये.

तेव्हा आज संध्याकाळी जिमला गेलात तर एवढं करा. स्क्वॉटच्या बारवरच्या दोन प्लेटा उतरवा आणि पूर्ण खाली जा. ट्रायसेपसाठी डंबेल डोक्यामागे न्या. पोटरीसाठी पायरीच्या काठावर चवडे टेकवून उभे राहा आणि टाच पायरीच्या खाली जाऊ द्या. सुरुवातीला अंग जास्त दुखेल, म्हणून सेट कमी ठेवा. गुडघा किंवा खांदा आधीच दुखत असेल, तर आधी फिजिओथेरपिस्टला विचारा. वहीतला आकडा थोडा उतरेल, पण ज्यासाठी फी भरता तो स्नायू त्यानेच वाढेल.